वकिलाच्या लेखणीचे शिक्षण आणि सोलापूरचा कष्टकरी

कायद्यापुढे सर्व माणसे समान आहेत, हे तत्त्व विधी महाविद्यालयातील विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकविले जाते. न्यायालयात मात्र माणसाच्या आधी त्याचा कागद पोहोचतो. दावा, कैफियत, प्रतिज्ञापत्र, अर्ज, खरेदीखत, करार अशा कोणत्या ना कोणत्या रूपाने तो तेथे हजर असतो, आणि त्या कागदावर जे मांडलेले नसेल त्याविषयी पुढे पुरावा देण्याचीही सहसा सोय राहत नाही. दिवाणी व्यवहारसंहितेत हा दंडक १९०८ पासून आहे आणि तर्काच्या दृष्टीने त्यात चूक काढता येणार नाही. समोरच्या पक्षाला आपल्याविरुद्ध काय म्हटले आहे हे आधी कळावयास हवे, हे कोणीही मान्य करील. प्रश्न असा की हा कागद लिहितो कोण, आणि लिहिणाऱ्याला तो लिहावयास शिकवितो कोण. कामगार चळवळीने कायद्याच्या आशयासाठी मोठे लढे दिले. कायदा वापरण्याच्या या साध्या साधनाकडे मात्र तिचे लक्ष फारसे गेले नाही.

बार कौन्सिल ऑफ इंडियाने २००८ साली केलेल्या नियमांप्रमाणे मसुदालेखन व दस्तलेखन हा विषय प्रत्येक विधी महाविद्यालयात अनिवार्य आहे. त्यापूर्वी १९९७ च्या परिपत्रकानेच असे व्यावहारिक विषय सक्तीचे झाले होते. नियमांतील योजना अशी: दावा, कैफियत, जामीन अर्ज वगैरे न्यायालयीन कागदांचे किमान १५ पाठ, त्यांना ४५ गुण, दस्तऐवजांचे किमान १५ पाठ, त्यांनाही ४५ गुण, उरलेले १० गुण तोंडी परीक्षेचे. म्हणजे प्रत्येक कागदाला ३ गुण. कागदोपत्री ही व्यवस्था वाईट नाही. घोटाळा होतो तो अंमलात. बहुतेक ठिकाणी तयार नमुन्यांचे एखादे पुस्तक घ्यावयाचे, त्यातील तीस नमुने जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात उतरवावयाचे, प्रत्येकावर अध्यापकाची सही मिळवावयाची आणि वर्षअखेर जर्नल जमा करावयाचे, एवढ्यावर हा विषय आटोपतो. त्या नमुन्यांत ‘अ’ ने ‘ब’ ला कर्ज दिलेले असते. ‘अ’ ला गाव नसते, ‘ब’ ला पोटापाण्याचा व्यवसाय नसतो, कर्ज का काढावे लागले याचा पत्ता नसतो. विद्यार्थी तीस वेळा लिहितो आणि एकदाही कोणाचे ऐकून लिहीत नाही.

या अभ्यासक्रमात प्रवेश मिळतो तो बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षेने. पदवीनंतर व्यवसाय करण्याचा अधिकार पक्का होतो तो २०११ पासून घेतल्या जाणाऱ्या अखिल भारतीय वकील परीक्षेने, आणि तीही १०० बहुपर्यायी प्रश्नांचीच. मधल्या तीन किंवा पाच वर्षांत उत्तरपत्रिका लिहाव्या लागतात, हे खरे. परंतु उत्तरपत्रिकेत परीक्षकाला ठाऊक असलेलेच त्याला परत सांगावयाचे असते. न्यायाधीशाला ठाऊक नसलेली हकीगत चार पानांत सांगून त्याची खात्री पटविणे हे अगदी वेगळे काम आहे. ज्याचा सारा व्यवसाय लिहिण्यावर उभा आहे त्याला प्रवेशद्वारापासून सनदेपर्यंत कोठेही तसा एक परिच्छेद लिहून दाखवावा लागत नाही. सुताराच्या हाती पटाशी देण्यापूर्वीसुद्धा यापेक्षा अधिक खबरदारी घेतली जाते.

नियमांना जोडलेल्या यादीकडे पाहिले की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. दस्तलेखनाखाली खरेदीखत, गहाणखत, भाडेपट्टा, बक्षीसपत्र, वचनचिठ्ठी, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांची नावे आहेत. ज्याच्यापाशी विकण्या-देण्यासारखे काही आहे त्याचे हे कागद होत. वचनचिठ्ठी तेवढी गरिबाच्या वाट्याला येते, आणि तीही अंगठा उठविण्यापुरती. न्यायालयीन कागदांत दावा आहे, अपील आहे, उच्च न्यायालयातील याचिका आहे. परंतु कामावरून काढलेल्या कामगाराचे मागणीपत्र नाही, थकलेल्या वेतनाचा अर्ज नाही, हजेरीपट हजर करण्याची मागणी नाही. त्याच नियमांत कामगार कायद्याचे दोन विषय अनिवार्य आहेत, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. विद्यार्थी एका तासाला कामगार कायदा शिकतो आणि दुसऱ्या तासाला मृत्युपत्राचा नमुना उतरवितो. या दोन तासांची गाठ पाच वर्षांत पडत नाही.

सोलापूर जिल्ह्याच्या इतिहासात या प्रश्नाचा विचार एकदा फार गांभीर्याने झाला होता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले आणि तो उठाव पुणे-अहमदनगर भागात पसरला. तेथे शेतकऱ्यांनी मुख्यतः मागितले आणि जाळले ते रोखे व खतपत्रे. त्या निरक्षर माणसांना आपला शत्रू कागदात बसला आहे हे बिनचूक समजले होते. चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तो पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू होता. न्यायमूर्ती रानडे यांनी १८८० च्या दशकात याच कायद्याच्या अंमलबजावणीवर न्यायाधीश म्हणून काम केले.

त्या कायद्यातील व्याजाच्या व हप्त्यांच्या तरतुदींची चर्चा अर्थशास्त्राच्या पुस्तकांतून होते. लेखनासंबंधीची तरतूद मात्र विस्मरणात गेली. शेतकऱ्याने करून दिलेला दस्त सरकारने नेमलेल्या ग्रामनिबंधकाने स्वतः लिहावा किंवा आपल्या देखरेखीखाली लिहवून घ्यावा, तो पक्षकारांना मोठ्याने वाचून दाखवावा आणि मगच त्यावर सही-अंगठा घ्यावा, असा तो नियम होता. असे न झालेला दस्त पुराव्यात येऊ शकत नसे. सावकाराच्या खतावर भरवसा न ठेवता मूळ व्यवहारापासूनच्या हिशेबाची चौकशी न्यायालयाने स्वतः करावी, असेही बंधन घातले होते. पुढे कलम १०-अ आले आणि लेखी मजकुराच्या मागे जाऊन खरा व्यवहार विक्रीचा की गहाणाचा हे तोंडी पुराव्याने पाहण्याची मुभा मिळाली. परकी सरकारने हे शेतकऱ्याच्या प्रेमापोटी केले असे समजण्याचे कारण नाही. पुन्हा दंगे होऊ नयेत आणि सारा वेळेवर वसूल व्हावा हा त्यामागचा हिशेब होता. तरीही एक गोष्ट त्या सरकारने ओळखली होती की, दुर्बळ माणूस कोर्टात हरतो तो पुष्कळदा लिहिण्याच्या क्षणीच हरलेला असतो, आणि म्हणून लिहिणारा हात सार्वजनिक असावयास हवा. स्वतंत्र भारताच्या कायदेशिक्षणाने हा विचार पुढे नेला असता तर विधी महाविद्यालय हेच जिल्ह्याचे ग्रामनिबंधक झाले असते.

सोलापूरचे नाव घटनाकायद्याच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात येते ते मात्र दुसऱ्या एका प्रकरणामुळे. जुनी गिरणी म्हणून शहराला परिचित असलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचे व्यवस्थापन ताब्यात घेतले आणि पुढे त्याच वर्षी संसदेने तसा कायदा केला. कंपनीचे एक भागधारक चिरंजितलाल चौधरी सर्वोच्च न्यायालयात गेले. ४ डिसेंबर १९५० रोजी पाच न्यायाधीशांपैकी तिघांनी त्यांची याचिका फेटाळली. एकाच कंपनीसाठी कायदा केला म्हणून भेदभाव झाला असे म्हणणाऱ्याने तो दाखवून दिला पाहिजे आणि तो भार अर्जदाराने पेललेला नाही, हे बहुमताचे एक प्रमुख कारण होते. पुढे दुसरे भागधारक द्वारकादास श्रीनिवास उभे राहिले. नव्या संचालकांनी प्रत्येक अग्रहक्काच्या भागामागे ५० रुपयांची मागणी केली होती, तिला त्यांनी आव्हान दिले. डिसेंबर १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. नुकसानभरपाई न देता मालमत्ता हिरावून घेतली असे न्यायालयाने ठरविले. अशा निकालांमुळेच १९५५ ची चौथी घटनादुरुस्ती करावी लागली.

विधी महाविद्यालयांत ही दोन्ही प्रकरणे समानतेचा हक्क आणि मालमत्तेचा हक्क या मथळ्यांखाली शिकविली जातात. मसुदालेखनाच्या तासाला ती कोणी काढीत नाही. खरे तर तेथेच ती काढावयास हवीत. गिरणी बंद पडल्यावर ज्यांची चूल विझली त्या कामगारांचा उल्लेख त्या कायद्याच्या प्रस्तावनेत आहे. गैरव्यवस्थेमुळे ‘समाजाच्या एका विशिष्ट वर्गात’ गंभीर बेकारी निर्माण झाली, अशा आशयाचे ते शब्द आहेत. सोलापूरचा गिरणी कामगार मसुदाकाराच्या लेखणीतून उतरला तो असा, नाव-गाव नसलेला एक विशिष्ट वर्ग होऊन. भागधारक नावानिशी आले, त्यांच्या भागांचे वर्णन आले, भागामागचे ५० रुपये आले. कामगार त्या खटल्यांत पक्षकार नव्हताच, तेव्हा त्याचे म्हणणे कोणी लिहिलेही नाही. चौथीतल्या मुलालासुद्धा कळेल असा हा धडा आहे, आणि वकिली शिकणाऱ्याने तो पहिल्याच आठवड्यात शिकावयास हवा.

आता आजच्या सोलापुराकडे येऊ. या शहरात विड्या वळणाऱ्या स्त्रियांची संख्या फार मोठी आहे आणि त्यांतील बहुसंख्य तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरांतल्या आहेत. विडी कामगार स्त्री कारखान्याच्या शाखेतून तेंदूची पाने, तंबाखू व सूत घेते, घरी विड्या वळते आणि मोजून परत करते. मजुरी हजार विड्यांमागे असते. तपासणारा काही विड्या नाकारतो, आणि कामगार-मालकांतील नित्याचे भांडण येथे उभे राहते. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने कच्च्या मालाचे वाटप, विड्या नाकारणे आणि नाकारलेल्या विड्यांची मजुरी यांवरील वाद सोडविण्याची खास तरतूद केली होती. घरी काम करणारी स्त्रीही या कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने मंगलोर गणेश बिडी वर्क्सच्या खटल्यात १९७४ साली मान्य केले. म्हणजे कायदा होता आणि निकालही होता. उणीव होती ती लिहिण्याची.

अशी एखादी स्त्री वकिलाकडे किंवा संघटनेच्या कचेरीत आली तर ती काय सांगते? पाने वाईट आली, तंबाखू कमी तोलली, म्हणून विड्या कमी भरल्या, त्यातल्याही काढून टाकल्या आणि पैसे कापले. या एका वाक्यात पाच स्वतंत्र घटना आहेत. कोणत्या तारखेला माल दिला, वजन किती, तोलताना समोर कोण होते, कार्डावर काय नोंद झाली, किती विड्या नाकारल्या, तिच्यासमोर नाकारल्या की मागाहून, आणि नाकारलेल्या विड्या तिला परत दिल्या की मालकानेच ठेवून घेतल्या, हे एकेक विचारून घ्यावे लागते. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असतो, कारण नाकारलेली विडी ठेवून घेणारा मालक ती निरुपयोगी होती असे कोणत्या तोंडाने सांगणार? नमुन्यावर वाढलेला वकील मात्र लिहितो की, मालकाने अर्जदारावर घोर अन्याय करून बेकायदेशीर व मनमानी पद्धतीने वेतनकपात केली. यात विशेषणे तीन आहेत आणि घटना एकच. मालकाचे उत्तर एका ओळीचे येते: सर्व मजकूर खोटा असून नाकबूल आहे. मग वर्षानुवर्षे तारखा पडतात. वादाच्या कागदात महत्त्वाच्या वस्तुस्थितीचे संक्षिप्त कथन असावे, पुरावा नसावा, असे दिवाणी व्यवहारसंहितेच्या सहाव्या आदेशात सांगितलेले आहे. त्याच संहितेच्या परिशिष्ट ‘अ’ मधील नमुने काही ओळींचे आहेत. उसन्या पैशाचा सबंध दावा तेथे अर्ध्या पानात मावतो. आज तोच दावा वीस पानांचा होतो. त्यांतील मोठा भाग आधीच्या कुठल्या तरी दाव्यातून संगणकावर जशाचा तसा उचललेला असतो, आणि कधी कधी त्या जुन्या पक्षकाराचे नावही आत तसेच राहून जाते.

लिहिण्यातील उणिवेची किंमत कोण मोजतो, याचे उत्तर शेजारच्या कर्नाटकातील दोन कामगारांच्या खटल्यांत मिळते. औद्योगिक विवाद कायद्याखाली वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला संरक्षण होते. वन खात्याविरुद्ध गेलेल्या हडिमनी या कामगाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले की, २४० दिवस भरले हे सिद्ध करण्याचा भार कामगारावर आहे आणि त्याचे नुसते प्रतिज्ञापत्र पुरेसे नाही. पगाराची पावती, नेमणुकीचा कागद असे काही तरी हवे. रोजंदारीवरच्या माणसाला नेमणुकीचा कागद कोण देतो, हा प्रश्न निकालाबाहेर राहिला. पुढे येल्लट्टी या दुसऱ्या कामगाराचा खटला आला. त्याने साक्ष दिली, एक दाखला हजर केला आणि मालकाकडील हजेरीपट हजर करावेत अशी मागणीही केलेली होती. सर्व हजेरीपट आले नाहीत. त्याने आपला भार पुरेसा पेलला आहे असे सर्वोच्च न्यायालयाने मानले आणि तो जिंकला. दोघेही गरीब होते, दोघांच्याही बाजूला तोच कायदा होता. हजेरीपट मागण्याचा अर्ज एका पानाचा असतो. तो कधी द्यावा, त्यात कोणत्या महिन्यांचा निर्देश असावा आणि मालकाने तो न पाळल्यास काय मागावे, हे विधी महाविद्यालयातील तीस पाठांत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अंमलात आल्या आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा तसेच १९६६ चा विडी कामगार कायदा त्यांत विलीन झाला. या संहितांविषयी समाजवादी चळवळीचे काय म्हणणे आहे ते वाचकांना ठाऊक आहे. येथे मुद्दा एवढाच की, आता जुन्या नमुन्यांची पुस्तके निरुपयोगी झाली आहेत. नमुन्यावर जगणारा वकील गोंधळला आहे. ज्याला हकीगत ऐकून ती क्रमाने मांडता येते त्याला कलमांचे नवे आकडे शिकावयास महिना पुरेल.

मसुदालेखन महाविद्यालयात शिकविता येत नाही, ते ज्येष्ठ वकिलाच्या हाताखालीच येते, असे अनुभवी वकील सांगतात. हा आक्षेप पोकळ नाही. परंतु ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली जागा कोणाला मिळते? ज्याच्या घरी वकिली आहे त्याला, किंवा दोन-चार वर्षे बिनपगारी काम करणे ज्याला परवडते त्याला. विडी कामगाराची किंवा यंत्रमाग कामगाराची मुलगी वकील होते तेव्हा तिच्यापुढे महाविद्यालय हा एकच गुरू असतो. महाविद्यालयाने ते काम व्यवसायावर ढकलले की व्यवसायातील जुनी विषमता आपोआप पुढच्या पिढीत उतरते. डॉ. आंबेडकर १९३५ साली मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि १९३६ साली त्यांनी मुंबई इलाख्यातील कायदेशिक्षणाच्या सुधारणेवर लेख लिहिला. ज्या समाजाला शतकानुशतके लिहूच दिले नाही त्याच्या मुलाने कायदा लिहावयास बसणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगावयास नको होते.

अमेरिकेतील विधी विद्यालयांत कायदेलेखन हा पहिल्या वर्षाचा सक्तीचा विषय असतो. मात्र तो शिकविणारे अध्यापक दर्जाने व पगाराने इतरांच्या खालचे, अशी तेथील अनेक दशकांची तक्रार आहे. याच विषयात १९६३ साली डेव्हिड मेलिंकॉफ या कायद्याच्या अभ्यासकाने असे दाखविले होते की, वकिली भाषेचा पाल्हाळ हा नेमकेपणासाठी आवश्यक असतो हा निव्वळ समज आहे. लेखन शिकविणे हे हलके काम आणि सिद्धांत सांगणे हे वरचे काम, ही श्रेणी श्रीमंत देशांनाही सुटलेली नाही. आपल्याकडे तर हाताने करण्याच्या प्रत्येक कामाचे तेच होते.

या हलक्या मानलेल्या कामाचा हिशेब एकदा मांडून पाहावा. नियमाप्रमाणे एका तुकडीत ६० विद्यार्थी असतात. प्रत्येकाचे ३० पाठ म्हणजे १८०० कागद. एक कागद नीट वाचून त्यावर खुणा करावयास पंधरा मिनिटे धरली तरी ४५० तास होतात. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या अध्यापकाला मानधन मिळते ते व्याख्यानाच्या तासाचे. या ४५० तासांचे कोणी देत नाही. मग तो सही करून मोकळा होतो, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही. जे श्रम कोणाच्या हिशेबात धरलेले नाहीत ते होत नाहीत, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक नियम आहे. तीस पाठ नियमापुरते होऊ द्यावेत. परंतु त्यांतील सहा पाठ तरी असे असावेत की जे विद्यार्थ्याने लिहावेत, अध्यापकाने तपासावेत, आणि विद्यार्थ्याने पुन्हा लिहून आणावेत, असे तीनदा. त्याचे २७० तास होतात. एवढ्या तासांचे मानधन अध्यापकाला मिळालेच पाहिजे, अशी मागणी विद्यार्थ्यांच्या आणि अध्यापकांच्या संघटनांनी एकत्र येऊन करावी.

भाषेचा प्रश्न यात गुंतलेला आहेच. १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी झाली. उच्च न्यायालयात घटनेच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे इंग्रजी चालते. विधी महाविद्यालयांचे माध्यम नियमाने मुख्यतः इंग्रजी, अन्य भाषेतून शिकावयाचे तर इंग्रजीचा एक विषय सक्तीचा. विडीवालीची हकीगत तेलुगूतून निघते, कोणीतरी तिची मराठी करतो, वकील मनात तिचे इंग्रजी करतो, आणि नमुना इंग्रजीत असला तर पुन्हा मराठीत उतरवितो. सोलापुरात कन्नड आणि उर्दू बोलणारेही थोडे नाहीत. एवढ्या भाषांतरांत पाच घटनांपैकी दोन शिल्लक राहिल्या तरी नशीब म्हणावयाचे. मराठीत लिहावयाचे ठरले तरी कोणती मराठी हा प्रश्न उरतो. कैफियत, तहकुबी, जामीन, गहाणखत, मुखत्यार हे शब्द खेड्यातील माणसाला पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहेत. त्यांच्या जागी कोशातून काढलेली संस्कृत नाणी वापरण्याने भाषा शुद्ध होत असेल, पक्षकार मात्र परका होतो. भाषा संचालनालयाच्या न्यायव्यवहार कोशाचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. परंतु रुळलेला शब्द असेल तेथे कोश मिटून ठेवलेला बरा.

न्यायालयांचे स्वतःचे लेखनही निर्दोष नाही, याची कबुली सर्वोच्च न्यायालयानेच दिली आहे. २०२२ साली स्टेट बँकेच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाचा निकाल वाचून काही उमगेना, म्हणून सर्वोच्च न्यायालयाला तो रद्द करून प्रकरण परत पाठवावे लागले. निकाल ज्याच्याविषयी आहे त्या माणसाला तो समजला पाहिजे, परिच्छेदांना क्रमांक असावेत, इतक्या साध्या गोष्टी देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला सांगाव्या लागल्या. तोवर त्या कर्मचाऱ्याची वर्षे गेलीच होती.

सोलापूर विद्यापीठ २००४ साली एका जिल्ह्यासाठी स्थापन झाले. ही त्याची अडचण मानली जाते, परंतु या कामापुरती ती सोय आहे. तीस पाठांत कोणते कागद घ्यावेत हे ठरविण्याला नियमांत वाव आहे. विडी, यंत्रमाग, टॉवेल-चादरीचे कारखाने, ऊसतोड, भाड्याची घरे, बचत गटांची कर्जे आणि खासगी वित्तसंस्थांचे छापील करार हे या जिल्ह्याचे रोजचे व्यवहार आहेत. पाठ त्यांतून निघावयास हवेत. प्रत्येक विधी महाविद्यालयात विधी साहाय्य केंद्र असणे नियमाने बंधनकारक आहे. वर्षातून एकदा खेड्यात शिबिर भरवून छायाचित्र काढण्यापेक्षा त्या केंद्राने विद्यार्थ्यांना हकीगत टिपून घ्यावयास बसवावे. विद्यार्थ्याने लिहिलेला कागद वकील असलेल्या कोणाच्या सहीनेच न्यायालयात जाईल, हे उघड आहे. परंतु ऐकणे आणि पहिला मसुदा करणे याला सनद लागत नाही.

येथे पक्षाच्या आणि कामगार संघटनांच्या कार्यकर्त्यांचा भाग येतो. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे कामगाराची बाजू संघटनेचा पदाधिकारी मांडू शकत असे, आणि वकिलाला मात्र दुसऱ्या पक्षाची संमती व न्यायालयाची परवानगी लागत असे. त्यामुळे हजारो मागणीपत्रे संघटनांच्या कचेऱ्यांत, कार्यकर्त्यांच्याच हातून लिहिली गेली. त्या जुन्या फायली म्हणजे मसुदालेखनाचे अस्सल पाठ्यपुस्तक आहे. कोणते मागणीपत्र टिकले, कोणते कोणत्या शब्दामुळे पडले, हे त्यांतून शिकता येते. पक्षकारांची नावे झाकून त्या विद्यार्थ्यांपुढे ठेवाव्यात. आठवड्यातून एक संध्याकाळ कचेरीत एक टेबल आणि तीन खुर्च्या मोकळ्या कराव्यात: एक हकीगत सांगणाऱ्या कामगारासाठी, एक विद्यार्थ्यासाठी, आणि तिसरी तेलुगू किंवा कन्नड जाणणाऱ्या कार्यकर्त्यासाठी. अर्ज तयार झाला की तो पेटीत न टाकता, १८७९ च्या ग्रामनिबंधकाप्रमाणे, त्या बाईला तिच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवावा. तंबाखू मंगळवारी नव्हे, सोमवारी तोलली होती, असे ती म्हणाली तर ते पान तेथेच फाडून नवे लिहावे, आणि फाडलेले पान विद्यार्थ्याच्या जर्नलमध्ये चिकटवावे. अध्यापकाने ३ गुण त्यालाच द्यावेत.